विहिणीचा रुसवा

शांतिछाया वृद्धनिवास, यवतमाळ
१२ जुलै २०२५

विहीणबाई धुरपताबाई यांस,
सप्रेम जय भीम.

पत्ता पाहून दचकू नका. मला इथे कुणी आणून टाकलेलं नाही. मी माझ्या पायांनी, म्हणजे वॉकरच्या चार पायांनी, आले आहे. इंद्रजितला कंपनीने दोन वर्षांसाठी मस्कतला पाठवलं. तुमची रुपाली म्हणाली, "आई, मी थांबते तुमच्याजवळ." मी म्हटलं, नवरा तिकडे आणि बायको इकडे असला संसार मला बघायचा नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून एकटीला घर झेपत नाही, म्हणून ही जागा मीच शोधली, मीच पाहिली, मीच पसंत केली. माझी पसंती सहसा चुकत नाही. एकदाच चुकली, तुमच्याशी सोयरीक केली तेव्हा.

शेजारच्या खोलीत दीनानाथजी आहेत, कोषागारातून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी रजनी दर रविवारी बाभुळगावहून येते. समोर भावसिंग आजोबा, पुसदकडच्या तांड्यातले. त्यांना मागे-पुढे कुणी नाही. दिवसभर गुणगुणतात आणि जरा नजर चुकली की फाटकाकडे चालू लागतात.

वर्षावास लागला. तुमच्या विहारात रोज संध्याकाळी वाचन सुरू झालं असेल, आणि अश्विन पौर्णिमेला खीर. खीर म्हटली की मला पोरांचं लग्न आठवतं. मानपान नको, हे आपण दोघींनीच ठरवलं होतं, तत्त्व म्हणून. मान्य. पण विहिणीची पंगत राहिली ती राहिलीच. पाटावर बसवून, ताटाभोवती रांगोळी काढून, "घ्या हो विहीणबाई" म्हणत कुणी मला आग्रह केला नाही. हातात बुंदीची पुडी देऊन बोळवण केलीत. पोरांच्या लग्नाला बारा वर्षं झाली, तरी मी विसरलेली नाही.

तुमच्या कानांशी फोनवर भांडण्यापेक्षा पत्र बरं. जन्म पोस्टाच्या खिडकीत काढलेल्या बाईला तेच शोभतं.

तुमची,
तुळसाबाई


महागाव
२० जुलै २०२५

विहीणबाई,
जय भीम.

चुकलेली पसंती म्हणजे माझी रुपाली का? तिला वाचून दाखवते तुमचं पत्र, मग बघा मस्कतहून काय येतं ते.

आधी कळवलं असतं तर तुम्हाला महागावलाच आणलं असतं. पण तुम्ही कशाला याल? विहिणीच्या घरी राहायचं म्हणजे टोमणे समोरासमोर मारावे लागणार, आणि समोर मी कमी ऐकते. तुमची सगळी मेहनत वाया.

सोबत जवसाची चटणी पाठवते आहे. तुम्ही म्हणाल मीठ जास्त झालं. आधीच सांगते, झालेलं नाही. आणि पंगतीचं रडगाणं आता पुरे. बुंदीच्या पुड्या तुम्हाला दोन दिल्या होत्या, बाकीच्यांना एकेक. हा मान नाही तर काय आहे?

भावसिंग आजोबांनाही चटणी द्या. तुम्ही एकट्या संपवाल, हे मला माहीत आहे.

तुमची,
धुरपता


शांतिछाया वृद्धनिवास, यवतमाळ
१४ ऑगस्ट २०२५

सौ. धुरपताबाई यांना सप्रेम जय भीम.

आपले पत्र व चटणी मिळाली. चटणी फार उत्तम होती. येथील व्यवस्था अतिशय चांगली आहे. जेवण वेळेवर मिळते. कर्मचारी प्रेमळ आहेत. माझा फोन नादुरुस्त आहे, तसे मुलांना कळवावे. माझी काळजी करू नये व भेटीला येण्याची तसदी घेऊ नये. आपण केलेल्या आपुलकीबद्दल मनापासून आभारी आहे.

आपली,
तुळसाबाई


महागाव
१९ ऑगस्ट २०२५

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचलं, परत वाचलं, उलटं करून मागची बाजूही पाहिली. एकसुद्धा टोमणा नाही! "चटणी फार उत्तम होती"! अहो, बारा वर्षांत तुम्ही माझ्या हातच्या पाण्यालासुद्धा बरं म्हटलेलं नाही. वर आभारी काय, आपुलकी काय. हे पत्र विहिणीने विहिणीला लिहिलेलं नाही, तहसीलदाराला लिहिलेलं आहे.

धाकटा धम्मरत्न म्हणाला, "आई, त्यायनं चांगलं लिवलं तं तुले कायले तरास होऊन राह्यला?"
मी म्हटलं, "तुले नाई समजत. चार शिव्या लिवल्या असत्या तं मी सुखानं निजली असती."

मला समजलं आहे. तुम्ही रुसलात. विहीण खरी रुसली की असंच गोड बोलते. मी ते पसंतीवरून बोलले ते लागलं का? की पंगतीला रडगाणं म्हटलं, ते? चुकलं माझं. येत्या एकतीस तारखेच्या रविवारी मी स्वतः येते आहे रुसवा काढायला. रिकाम्या हाताने येणार नाही, निळ्या काठाचं पांढरं लुगडं घेऊन ठेवलं आहे. "येऊ नये" म्हणालात म्हणून तर नक्कीच येणार.

तुमची,
धुरपता


महागाव
२ सप्टेंबर २०२५

विहीणबाई,

हे पत्र रजनीच्या पिशवीतून येईल. ऑफिसात कुणाला दाखवू नका, वाचून तिलाच परत द्या.

परवा फाटकावर मला अडवलं. "तुम्ही कोन त्यायच्या?"
"विहीण."
"रक्ताचं नातं हाये काय?"
मी म्हटलं, "रक्ताचं नाई, पन रक्त आटवाचं हाये. सोड मले आत."

आत सोडलं, पण ऑफिसात, मॅनेजरच्या समोर, दहा मिनिटं. तुम्हाला चाकाच्या खुर्चीत ढकलत आणलं. तुमचा वॉकर कुठे दिसला नाही. मी मुद्दाम म्हटलं, "लुगड्याचे काठ जरा भडक हायेत नाई?" वाटलं, आता तरी बोलाल. तुम्ही आधी मॅनेजरकडे पाहिलंत आणि म्हणालात, "छान आहे." लुगडं घ्यायला हात पुढे केलात तशी पोलक्याची बाही वर सरली. मनगटावर बोटांचे वळ होते, काळेनिळे. तुम्ही हात झाकलात. मीही पाहिलं नाही असं दाखवलं, कारण तिथे तोंड उघडलं असतं तर त्या माणसाचं टेबल मी उलटं केलं असतं.

बाहेर चहाच्या टपरीवर दीनानाथजींची रजनी भेटली, तिने सगळं सांगितलं. फोन मॅनेजरच्या कपाटात. पत्र तो सांगेल तसं. संध्याकाळी उजेड असतानाच जेवण आणि मग बाहेरून कडी.

मी मूर्ख. तुम्ही रुसलात म्हणून लुगडं घेऊन नाचत आले. आर्णी येईपर्यंत बसमध्ये रडले. कंडक्टर बिचारा विचारत होता, "मावशी, कोनी गेलं काय?"

मला का नाही सांगितलं? धम्मरत्नाची गाडी तयार आहे. तुम्ही फक्त हो म्हणा. लगेच येऊन घेऊन जातो तुम्हाला महागावला.

धुरपता


यवतमाळ
७ सप्टेंबर २०२५

विहीणबाई,

रजनी वडिलांजवळ बसली आहे तेवढ्यात लिहिते.

का नाही सांगितलं, विचारता? कारण तुम्ही विहीण आहात. ही जागा माझी पसंती, असं मी ताठ मानेने लिहिलं होतं. तिथे मला हाताला धरून फरफटवतात, हे जगात सगळ्यांना सांगेन, पण विहिणीला कशी सांगू?

झालं असं. भावसिंग आजोबा फाटकाकडे जातात म्हणून दुपारच्या जेवणानंतर इथली माणसं त्यांना पंच्याने खाटेला बांधून ठेवायला लागली. मी गाठ सोडली. त्यांनी परत बांधलं, मी परत सोडलं. मग मॅनेजर म्हणाला, "आजी, तुम्ही पडाल," आणि वॉकर घेऊन गेला. मी भिंतीला धरून गेले, तर इथल्या एका माणसाने मनगट धरून ओढत खोलीत आणलं. आता मी खाटेवर पडून त्यांचं गाणं ऐकते. बांधलेलं असताना ते गात नाहीत. त्यावरून मला कळतं.

तक्रार नको. रजनीने मॅनेजरला एकदा नीट समजावून पाहिलं, तर दीनानाथजींना मागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवलं. रजनी जाते घरी, राग निघतो आमच्यावर. आणि मी महागावलाही येणार नाही. मी गेले तर त्या आजोबांकडे बघायला कोण आहे? इंद्रजितला तर मुळीच कळवू नका, तो नोकरी टाकून येईल. शपथ आहे.

मला भीती वाटते, धुरपताबाई. आयुष्यात पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे हे.

तुमची चटणी मी डोळ्यांनीसुद्धा पाहिली नाही. पण मीठ जास्तच असणार.

तुळसा


महागाव
१२ सप्टेंबर २०२५

विहीणबाई,

चटणीची ओळ वाचली आणि मी मोठ्याने हसले. सून धावत आली. मीठ जास्त! आता मला धीर आला. माझी विहीण जिवंत आहे.

आता रागवायचं तर रागवा. मी रुपालीला सांगितलं. विहिणीने घातलेली शपथ पाळायची असते, असं कुठे लिहिलेलं नाही. इंद्रजित फोनवर रडला, तिकीट काढतो म्हणाला. मी ओरडले, "जावईबापू, रडू नका, कामाचं करा." त्याने संस्थेच्या विश्वस्तांना आणि समाजकल्याणच्या ऑफिसला, दोन्हीकडे मेल पाठवला. त्याला वाटतं सगळी चूक त्याची. मी म्हटलं, चूक बांधणाऱ्याची.

मी आणि रजनी स्वतः त्या ऑफिसातही जाऊन आलो. त्याआधी तिने म्हाताऱ्या माणसांसाठी सरकारचा जो फोन नंबर आहे, १४५६७, तो लावला. तिकडची बाई शांतपणे बोलली. ती म्हणाली, अंगावर हात टाकत असतील तर पोलिसांत जाता येतं, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. माणसाला तिथून न्यायचं असेल तर कधीही नेता येतं, संस्था अडवू शकत नाही. आणि तिथलंच सुधारायचं असेल तर लेखी तक्रार द्या, समाजकल्याणला आणि प्रांतसाहेबांना. काय झालं, कुणी केलं, कधी केलं. घरचे देऊ शकतात, पण राहणाऱ्या माणसाने स्वतः लिहिलं तर त्याला वजन येतं.

मी ऑफिसातल्या साहेबांना तुमची भीतीही सांगितली. ते म्हणाले, तपासणी एकट्या बाईची नको, सगळ्यांची मागा. विहीणबाई, मला हे फार पटलं. एकटीने तोंड उघडलं तर राग एकटीवर निघेल. सगळ्यांनी मिळून उघडलं तर तो मेला कुणाकुणाचा वॉकर उचलणार? रजनी फाटकावर उभी राहून भेटायला येणाऱ्या घरच्यांना गाठते आहे. तोवर आमच्यापैकी कुणी ना कुणी रोज येईल, कधी सकाळी, कधी दुपारी. आत सोडलं नाही तर फाटकावर बसू. नजर असली की हात आवरतो.

पण अर्ज तुम्हीच लिहायचा. पोस्टाच्या खिडकीतून तुम्ही किती अडाणी बायांचे अर्ज लिहून दिलेत, हे इंद्रजितच मला सांगायचा. आता एक स्वतःचा लिहा. आणि लाज वाटत असेल तर ऐका. बारा वर्षं मी तुम्हाला खाली पाहायला लावायची संधी शोधते आहे. ती ही नव्हे.

रविवारी रजनी कोरे कागद आणेल.

धुरपता


यवतमाळ
१४ सप्टेंबर २०२५

विहीणबाई,

लिहिला.

मॅनेजर सांगेल ते गोड पत्र लिहिताना माझा हात जराही अडला नव्हता, आणि खरं लिहायला बसले तर पहिल्याच शब्दाला अडला. दीनानाथजींनी धीर दिला, म्हणजे त्यांच्या पद्धतीने. मी पहिली ओळ लिहिली, "आम्हाला इथे बांधून ठेवतात." ते म्हणाले, "वर 'विषय' नाही. विषयाशिवाय अर्ज उघडतसुद्धा नाहीत." विषय लिहिला तर म्हणाले, फार लांब झाला. माणूस मागच्या खोलीत राहून आला, पण मसुदा खाडाखोड केल्याशिवाय सोडणार नाही. मला हसू फुटलं, आणि हसता हसता अर्ज पुरा झाला.

खाली मी सही केली, मग त्यांनी, मग आमच्या ओळीतल्या सगळ्यांनी. भावसिंग आजोबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "माय, यात माह्या गान्याचं लिवलं नाई." मग तेही लिहिलं, की बांधल्यावर यांचं गाणं बंद होतं. त्यांनी अंगठा उठवला.

तुमच्यापैकी कुणी ना कुणी रोज येतं ते खिडकीतून दिसतं. काल फाटकावर बसून तुम्ही पहारेकऱ्यालाच शेंगा सोलायला लावल्या होत्या. शोभतं का?

तुळसा


यवतमाळ
२६ सप्टेंबर २०२५

विहीणबाई,

आज हे पत्र मी स्वतः फाटकापर्यंत चालत नेऊन टाकणार आहे. वॉकरने. वाचा सावकाश.

मंगळवारी दुपारी न सांगता गाडी आली. समाजकल्याणचे साहेब, एक बाई अधिकारी, सोबत पोलीस. भावसिंग आजोबा तेव्हा बांधलेलेच होते. मॅनेजर म्हणतो, "इथं सगळे आनंदात आहेत, साहेब." बाईंनी माझ्याजवळ खुर्ची ओढली आणि विचारलं, "आजी, तुम्ही सांगा."

मी सांगणार होते, नीट, पोस्टातल्या भाषेत. पण तोंडातून निघालं, "पयले माहा वॉकर आना, मंग बोलतो."

मागच्या कोठीत सापडला. सोबत आणखी कितीतरी जणांच्या काठ्या, एकीवर एक रचलेल्या. मग मी उभी राहिले आणि बोलले. माझ्यामागून दीनानाथजी बोलले, मग ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं ते बोलले. शेवटी कोण काय सांगतं ते बाईंना लिहून घेता येईना.

आता मॅनेजरचं कपाट. उघडलं तर आमचे सगळ्यांचे फोन, आणि फोनांच्या मागे तुमच्या जवसाच्या चटणीची बरणी. अर्ध्याहून जास्त खाल्लेली! माझ्या मनगटाचं लिहून घेणारे पोलीस बरणी पाहून तोंड फिरवून हसले. त्या माणसाला आवडली, यावरूनच ओळखा मीठ किती होतं ते.

विश्वस्तांनी त्याला आणि त्या ओढणाऱ्या माणसाला काढलं. पोलिसांत गुन्हाही नोंदला आहे, त्याचं पुढे जे व्हायचं ते होईल. भेटायला आता दिवसभरात कधीही या. घरच्या लोकांची समिती झाली, तिच्यात रजनी आहे. भावसिंग आजोबांना रोज संध्याकाळी एक जण हात धरून फाटकापर्यंत फिरवून आणतो. ते परत येतात हो, आपोआप. त्यांना फक्त रस्ता बघायचा असतो.

बाईंनी प्रत्येकाला विचारलं, इथे राहायचं की दुसरीकडे जायचं. मी म्हटलं, राहते. ही जागा मी पसंत केली होती, आता ती पसंतीची करून दाखवीन.

त्या माझ्या नावापुढे लिहायला लागल्या, "जवळचे नातेवाईक?" मी इंद्रजितचं नाव सांगितलं आणि त्याच्या वर तुमचं घालायला लावलं.

तुळसा


महागाव
२९ सप्टेंबर २०२५

विहीणबाई,

फार बोलत नाही. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. दरवर्षी आमची खीर विहारात होते. या वर्षी विहारातल्या बायांनी ठरवलं, विहारात सकाळी, आणि दुपारी तुमच्याकडे. धम्मरत्नाच्या छोट्या हत्ती टेम्पोत पातेली आणि बाया, दोन्ही येणार. तुमच्या नवीन व्यवस्थापक बाईंना विचारून घेतलं आहे.

त्या दिवशी सकाळपासून काही खाऊ नका. ते भडक काठाचं लुगडं नेसा.

धुरपता


यवतमाळ
९ ऑक्टोबर २०२५

विहीणबाई,

फोन दुरुस्त आहे, तरी लिहिते. हे फोनवर बोलायचं नाही.

रांगोळी वाकडी होती. माझ्या ताटाभोवतीची वेल डावीकडे भरगच्च आणि उजवीकडे उपाशी. पाट डुगडुगत होता, त्याच्याखाली दीनानाथजींनी कागदाची घडी घातली म्हणून निभावलं. तुमच्या बायांनी विहिणीवरची गाणी म्हटली त्यात माझं नाक लांब असल्याचा उल्लेख दोनदा आला. एकदा पुरे होता.

मला वाटलं होतं पाट एकच असेल. दारात आले तर सगळ्या दिवाणखान्यात पाट, आणि ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्या खुर्चीपुढे टेबल, प्रत्येक ताटाभोवती रांगोळी. तुम्ही म्हणालात, "आज हे सगळे माह्या पोरीच्या सासरचे. सगळ्यायचा मान करा." भावसिंग आजोबा लगेच ताठ बसले आणि म्हणाले, "मी रुसलो. मले आग्रव करा." तुम्ही त्या दुखऱ्या गुडघ्यांवर त्यांच्यापुढे बसून घास पुढे केलात, ते तोंड फिरवत राहिले, आणि सगळी पंगत पोट धरून हसली. रुपालीने मस्कतहून फोनवर सगळं पाहिलं. इंद्रजित मागे उभा राहून डोळे पुसत होता. त्याला सांगा, नाक पुसायचा रुमाल वेगळा ठेव.

मग तुम्ही माझ्यापुढे आलात. "घ्या हो विहीणबाई." मी बारा वर्षं ठरवून ठेवलं होतं की पहिल्या आग्रहाला घ्यायचं नाही. ते माझ्याने झालं नाही. तुम्ही त्याच हातांनी पहारेकऱ्याबरोबर फाटकावर शेंगा सोलत बसला होतात, ते डोळ्यांपुढे आलं आणि मी पहिल्याच हाकेला तोंड उघडलं. विहिणीची अब्रू घालवली मी. विहिणी पुष्कळ असतात. मला तुम्ही मिळालात, याचा मला फार आनंद आहे. हे एकदाच लिहिते, परत विचारू नका.

तुम्ही निघालात तेव्हा फाटकावरच्या पहारेकऱ्याने वहीत तुमचं नाव लिहिलं. मी वॉकर टेकून शेजारीच होते. नात्याच्या रकान्यात त्याने काही न विचारता लिहिलं, "विहीण."

माझी पसंती एकदाही चुकलेली नाही, असं आता मी सगळ्यांना सांगत असते.

खीर मात्र पातळ होती. पुढच्या वर्षी घट्ट करा.

तुमची विहीण,
तुळसा